शोकांतिका, संस्कृती आणि ख्रिस्ती विचार: आमच्या गच्चीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या मोहन नगरात एका घराच्या गच्चीवर आमचा वाचनाचा ग्रुप महिन्यातून दोनदा बसतो, कधी नऊ जण, कधी तिघंच. मागचं अख्खं वर्ष एकच विषय धरला, ट्रॅजेडी आणि ख्रिस्ती श्रद्धा, आणि नवीन माणूस आला की फिरून तेच प्रश्न. दर वेळी मीच बोलून राहिली, म्हणून शेवटी लिहून काढलं. मी थिऑलॉजी शिकलेली नाही, बँकेत २७ वर्षं काढली, रिटायर झाल्यावर वाचायला लागले. तेव्हा भाषा पुस्तकी नाही आणि मतं माझी आहेत.

ट्रॅजेडी म्हणजे शेवटी सगळे मरतात ते नाटक ना?

नाही हो. शोकांतिका या शब्दानंच आपला घोटाळा केलाय, त्यात "अंत" आहे ना. ॲरिस्टॉटलनं इसवी सनपूर्व चौथ्या शतकात काव्यशास्त्र लिहिलं, त्यात एका ठिकाणी तो चक्क म्हणतो की सगळ्यात चांगला प्रसंग तो, ज्यात माणूस अजाणता आपल्याच माणसाचा जीव घ्यायला निघतो आणि ऐन वेळी ओळख पटून हात थांबतो. म्हणजे कोणी मेलंच नाही! ग्रीक नाटककार एस्किलसची ऑरेस्टियाची नाटकं इसवी सनपूर्व ४५८ मध्ये अथेन्सला झाली, त्यातल्या शेवटच्या नाटकात खटला चालतो, आरोपी सुटतो आणि मिरवणूक निघते. म्हणून मराठीत काही समीक्षक "शोकात्मिका" म्हणतात, तो शब्द जास्त बरोबर आहे, पण तोंडात शोकांतिकाच बसलंय तर तेच वापरते.

मग ट्रॅजेडी असते कशात? जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचं उत्तर मला अजूनही सगळ्यात कामाचं वाटतं. सोफोक्लीसच्या नाटकात अँटिगोनी भावाला माती देणारच म्हणते आणि राजा क्रेऑन म्हणतो की देशावर चालून आलेल्याला माती मिळणार नाही. हेगेल म्हणतो इथे चूक विरुद्ध बरोबर असा सामनाच नाही, बरोबर विरुद्ध बरोबर आहे, घराचा कायदा आणि राज्याचा कायदा, दोघंही आपापल्या जागी खरे आणि दोघांनाही दुसऱ्याचं खरं दिसत नाही. ज्यांच्या घरी जमिनीवरून दोन भाऊ बोलत नाहीत त्यांना हे समजावून सांगायची गरज पडत नाही.

मग पेपरात "शेतकऱ्याची शोकांतिका" लिहितात ते चूक का?

यावर आमच्यात दोनदा भांडण झालंय. एक बाजू अशी, की ट्रॅजेडी राजे-महाराजांची, साध्या माणसाच्या मरणाला तो शब्द कशाला. या बाजूला रेमंड विल्यम्स या वेल्श समीक्षकानं १९६६ मध्ये चांगलं झापलं, तो म्हणाला खाणीतली दुर्घटना, उद्ध्वस्त झालेलं कुटुंब, रस्त्यावरचा अपघात, याला लोक ट्रॅजेडी म्हणतात ते अडाणीपणानं म्हणत नाहीत, आणि "हे फक्त दुःखद, ते खरं शोकात्म" अशी वर्गवारी करणारे पंडित कोणाचं दुःख मोजायचं आणि कोणाचं नाही हेच ठरवून राहिलेत.

हे मला पटतं. पण माझी तक्रार वेगळी आहे. यवतमाळचा कापूसवाला शेतकरी फवारणीच्या औषधानं मरतो आणि बातमीत शोकांतिका छापून येतं तेव्हा त्या शब्दाला नियतीचा वास येतो, म्हणजे जणू आभाळातून पडलं, कर्ज देणारा कोणी नव्हता, भाव ठरवणारा कोणी नव्हता. ख्रिस्ती विचारानं इथेच टोकलंय. राइनहोल्ड नीबूर या अमेरिकन धर्मचिंतकाचं १९३७ चं पुस्तक याच मुद्द्यावर आहे, की माणसाचं वाईट हे त्याच्या स्वातंत्र्यातून येतं, ते अटळ म्हणून त्याच्या कपाळी लिहिलेलं नाही, म्हणून ख्रिस्ती दृष्टी ट्रॅजेडीमधून जाते पण तिथे मुक्काम करत नाही. सोप्या मराठीत, जिथे पाप आहे तिथे नशीब म्हणू नका.

हिस्लॉप साहेबांचं मरण ट्रॅजेडी म्हणायचं का?

हा फक्त नागपुरात येणारा प्रश्न. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटिश मिशनरी, १८४५ मध्ये इकडे आले, शाळा काढली, दगडधोंड्यांचा अभ्यास केला (हिस्लोपाइट नावाचं खनिज त्यांच्याच नावाचं), गोंडांची गाणी-कथा उतरवून घेतल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून परत येताना पुराच्या पाण्यात बुडाले. ती वर्तुळं म्हणजे प्राचीन काळच्या कबरी. कबरी बघायला गेलेला माणूस परतलाच नाही, ऐकून अंगावर काटा येतो, पण ॲरिस्टॉटलच्या हिशोबानं हा योगायोग झाला. त्याला घटनांमध्ये आतून जोडणारा धागा लागतो, एकातून दुसरं निघालं पाहिजे. नाल्याला पूर येणं हिस्लॉपच्या स्वभावातून निघत नाही. त्यांच्या घरच्यांना हा फरक सांगायला मी गेले नसते, ते वेगळं. त्यांचे कागद पुढे रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये छापून आणले, म्हणून ते काम आपल्यापर्यंत आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

"हामार्तिया" म्हणजे पाप की चूक?

दोन्ही, आणि आख्खा विषयच या एका शब्दात बसलाय असं मला कधीकधी वाटतं. होमरकडे हे क्रियापद भाला फेकला आणि नेम चुकला या अर्थानं येतं. ॲरिस्टॉटलकडे तो नायकाच्या हातून झालेला घोटाळा, जो दुष्टपणातून होत नाही, सोफोक्लीसच्याच दुसऱ्या नाटकातल्या ईडिपस राजाला काय माहीत की रस्त्यात मारलेला म्हातारा आपला बाप आहे. आणि बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौल हाच ग्रीक शब्द वापरतो, जिथे आपल्या मराठी पवित्र शास्त्रात सरळ "पाप" छापलेलं आहे. नेम चुकणं ते पाप, केवढा मोठा प्रवास झाला त्या शब्दाचा. पण पौलानंसुद्धा रोमकरांस पत्रात, सातव्या अध्यायात, लिहून ठेवलंय की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्याकडून होत नाही आणि जे नको तेच मी करतो. हे वाचताना ईडिपस फार लांबचा वाटत नाही.

आपल्याकडे शोकांतिका नव्हतीच म्हणतात, खरं का?

बरंचसं खरं, पण विदर्भानं यात एक गंमत करून ठेवलीय. संस्कृत नाटककार भवभूती आपला, पद्मपूरचा, म्हणजे गोंदियाकडचं आमगावजवळचं पदमपूर असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानं उत्तररामचरितात लिहिलं की रस एकच, करुण, बाकीचे त्याचीच रूपं, भोवरे-बुडबुडे-लाटा कशा पाण्याच्याच असतात तसे. एवढं बोलणाऱ्या माणसानं शेवट काय केला? वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते, भवभूतीनं तिला परत आणून रामाशी भेट घडवली. रडवून रडवून शेवटी घर पुन्हा लावून दिलं. भासाच्या ऊरुभंगात मात्र दुर्योधन मांड्या मोडून रंगमंचावरच मरतो, तो अपवाद.

मराठीत "एकच प्याला" आहे ना. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला वारले ते आपल्या सावनेरला, छिंदवाडा रोडवरच्या, आणि नाटक रंगभूमीवर आलं त्यानंतर. त्यातला सुधाकर ॲरिस्टॉटलला दाखवला असता तर खूश झाला असता, माणूस वाईट नाही, मानी आहे, आणि त्या मानीपणातूनच पहिला प्याला येतो. दारूबंदीचं नाटक म्हणून ते शाळेत शिकवतात तेव्हा मला जीवावर येतं.

"संस्कृतीची शोकांतिका" हे काय प्रकरण आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गेओर्ग झिमेल हा बर्लिनचा विचारवंत, यानं १९११ मध्ये याच नावाचा निबंध लिहिला. त्यानं आधी एक भेद केला, जो आमच्या ग्रुपमध्ये आता म्हणीसारखा वापरतात. दुःखद म्हणजे बाहेरून येऊन काही तरी मोडतं. शोकात्म म्हणजे जे मोडतं ते आतूनच येतं, ज्या शक्तीनं ती गोष्ट उभी केली तीच शक्ती तिला खाते. आता संस्कृती बघा. माणूस एकटा आतल्या आत वाढू शकत नाही, त्याला बाहेर काही तरी बनवावं लागतं, भाषा, कायदे, प्रार्थना, यंत्रं, गाणी, आणि त्यातून फिरत फिरत तो स्वतःकडे परत येतो, जास्त समृद्ध होऊन. झिमेलच्या मते संस्कृती म्हणजे हा फेरा. पण बनवलेली वस्तू बाहेर गेली की तिला तिची स्वतःची चाल लागते. कायद्यातून कायदा निघतो, पुस्तकातून पुस्तक निघतं, मशीनला दुसरं मशीन लागतं, आणि एक दिवस एवढा ढीग होतो की एका माणसाच्या पोटात तो मावत नाही, फेकूनही देता येत नाही, तो नुसता त्याच्यासमोर उभा राहतो. ज्यातून आत्मा वाढणार होता त्याखालीच तो दबतो.

उदाहरण देते, नाव घेणार नाही. एका ख्रिस्ती मंडळीत मी काही वर्षं इतिवृत्त लिहायचे. जुन्या वह्या वाळवीपासून वाचवायच्या म्हणून एकदा सगळ्या उन्हात काढल्या. पहिल्या वहीत, जांभळ्या शाईत, मोडीच्या वळणाचं देवनागरी अक्षर, अमक्याच्या घरी प्रार्थना झाली, तमक्याची बायको आजारी, तिच्यासाठी ज्वारी जमवली, किती पायली तेसुद्धा. मग चर्च बांधायचं ठरलं, चांगलंच ठरलं. मग बांधलं त्याची घटना लिहिली, घटनेची कमिटी, कमिटीची सबकमिटी, जागेचा नकाशा, जागेचा वाद, आणि शेवटच्या सहा-सात वह्यांत पानामागून पान कोर्टाच्या तारखा, वकिलाची फी, स्टे मिळाला, स्टे उठला. ज्वारीचा उल्लेख कुठेच नाही. यात कोणी बदमाश नव्हता, सांगते ना, मी त्यातल्या अर्ध्या लोकांना ओळखत होते, सगळे चर्च वाचवायलाच धावून राहिले होते. झिमेल म्हणतो ते हेच, बाहेरून कोणी हल्ला केलाच नाही.

आणि म्हणून हा प्रश्न चर्चला जास्त बोचतो. ख्रिस्ती माणूस म्हणतो शब्द देही झाला, म्हणजे आपल्या श्रद्धेला बाहेर, अंगावर, वस्तूत यावंच लागतं, भाकरीत, पाण्यात, इमारतीत. हवेतलं अध्यात्म आपल्याला परवडत नाही. मग झिमेलचा ढीग पण आपल्याच वाट्याला येणार.

यातून सुटका आहे की नाही?

एर्न्स्ट कासिररनं १९४२ मध्ये उत्तर दिलं. हा ज्यू तत्त्वज्ञ, १९३३ मध्ये हिटलर आल्यावर जर्मनी सोडून गेला, स्वीडनमध्ये असताना हे लिहिलं, म्हणजे संस्कृतीवर विश्वास ठेवायला त्याला फार कारणं होती असं नाही. तो म्हणतो झिमेल "मी" आणि "वस्तू" एवढंच बघतो, म्हणून त्याला वस्तू भिंतीसारखी दिसते. पण केलेलं काम तिथे थांबतच नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातं, तो "तू" त्याला पुन्हा जिवंत करतो. काम म्हणजे दोघांमधला पूल.

मला हे नारायण वामन टिळकांशिवाय समजलं नसतं. टिळकांना राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात एका गोऱ्या माणसानं नवा करार दिला, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं, लक्ष्मीबाई पुढे काही वर्षांनी आपल्या पायांनी आल्या. शेवटी टिळकांनी "ख्रिस्तायन" हातात घेतलं, ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, आणि मे १९१९ मध्ये गेले, गडकऱ्यांनंतर साडेतीन महिन्यांनी. काव्य अर्धवट. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. जिला शाळा माहीत नव्हती, जिनं नवऱ्याच्या धर्मांतरानं आयुष्याची राखरांगोळी बघितली, तिनं त्याचं महाकाव्य संपवलं. आता याला काय म्हणाल? झालेलं दुःख कमी नाही झालं, स्मृतिचित्रं वाचा म्हणजे कळेल त्या बाईनं काय सोसलं, पण ढीग भिंत झाला नाही, एक हात पुढे आला. हिस्लॉपच्या कागदांचं मी वर म्हटलं ते याचसाठी.

मला विचाराल तर कासिरर अर्धाच बरोबर आहे. त्या वह्या उन्हात वाळवताना हात माझा होता खरा, पण वाचायला दुसरं कोणी आलं नाही.

ख्रिस्ती माणसाला ट्रॅजेडी कळूच शकत नाही असं म्हणतात ना?

समीक्षक जॉर्ज स्टाइनर म्हणतो, १९६१ मध्ये. त्याचा मुद्दा सरळ आहे, तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होणार हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी वधस्तंभाचा शुक्रवार हा इंटरव्हल आहे. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स पण त्याच बाजूचा, तारणाची खात्री असली की शोकात्म जाणीव टिकत नाही. दान्तेनं स्वर्गापर्यंत पोचणाऱ्या आपल्या काव्याला कॉमेडीच म्हटलं होतं. बायबलमधल्या ईयोबाबद्दल, ज्याची मुलंबाळं-गुरंढोरं सगळी जातात, स्टाइनर म्हणतो की देवानं शेवटी भरपाई केली, आणि भरपाई आली की न्याय आला, ट्रॅजेडी गेली.

इथे मात्र मी थांबवते. ईयोबाचा ४२ वा अध्याय उघडा. मेंढरं आधी ७,००० होती, आता १४,०००. उंट दुप्पट, बैल दुप्पट. मुलं? आधी सात मुलगे तीन मुली, आताही सात मुलगे तीन मुली. मेंढरं दुप्पट होतात, मुलं दुप्पट केली नाहीत, कारण पहिली दहा मोजणीतून जात नाहीत. लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं की नाही देव जाणे, पण आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी, ज्यांचं पहिलं बाळ गेलं होतं, हे वाचून सगळ्यांसमोर बोट ठेवून दाखवलं. आम्ही कोणीच नव्हतं बघितलं.

स्टाइनरला खरं उत्तर डोनाल्ड मॅकिननचं आहे, केंब्रिजला शिकवणारा स्कॉटिश माणूस. तो म्हणतो येशूच्या गोष्टीत काही तरी न भरून येणारं आहेच, येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत बघा. मार्कच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो तो मनुष्य जन्मलाच नसता तर त्याला बरं झालं असतं. जगाचं तारण झालं असेल, यहूदाचं काय? शिवाय वधस्तंभाच्या नावानं पुढे ज्यू लोकांचा शतकानुशतकं जो छळ झाला, तो हिशोब कोणत्या ईस्टरमध्ये मिटतो? मॅकिनन श्रद्धा सोडत नाही, पण घाईनं हिशोब मिटवत नाही. पुनरुत्थान म्हणजे पराभव रद्द झाला असं तो वाचत नाही.

आणि योहानाच्या शुभवर्तमानात शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, काय दाखवलं? जखमा. उठलेल्या शरीरावर जखमा तशाच होत्या.

नीत्शेचं काय?

या जर्मन तत्त्वज्ञाशिवाय हा विषय होत नाही, पण त्याच्यावर ग्रुपमध्ये इतकी डोकी तापतात की इथे आटोपते घेते. १८७२ च्या पहिल्या पुस्तकात तो म्हणाला की ट्रॅजेडी अपोलो आणि डायोनिसस या ग्रीक देवांच्या जोडीतून जन्मली आणि सॉक्रेटिसच्या "विचार केला की सगळं सुटतं" या वृत्तीनं मेली. ख्रिस्ताचं नाव तिथे जवळपास नाही, आणि १८८६ मध्ये त्यानंच लिहिलं की ती चुप्पी मुद्दाम होती, वैराची. शेवटी तर डायोनिसस विरुद्ध क्रूसावरचा अशी सरळ लढत लावली. माझं मत, अर्ध्या ख्रिस्ती लोकांनी दुःखाची जी गोडगोड मिठाई करून ठेवलीय तिच्याबद्दल तो खरं बोलला, क्रूसाबद्दल नाही.

चर्चचा नाटकाला विरोध होता तो काऊन?

तर्तुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकानं साधारण सन २०० च्या सुमारास खेळ-तमाशांविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं, तो झाला कडक हेडमास्तर. ऑगस्टीन जास्त मजेदार, कारण त्याला नाटकं आवडायची. कार्थेजला शिकायला असताना रडायला म्हणून तो थिएटरात जायचा, आणि पुढे आपल्या "कबुली" या पुस्तकात विचारतो, ही कसली दया? प्रेक्षकाला मदतीला बोलवत नाहीत, फक्त वाईट वाटून घ्यायला बोलवतात, आणि वाईट नाही वाटलं तर तो चिडून निघून जातो. मोबाइलवर अपघाताचे व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हा परिच्छेद पाठवायला हवा. मी एकदा पाठवला, हात जोडल्याचा इमोजी आला.

मारबतीचा यात काय संबंध?

हा माझा लाडका मुद्दा आहे, काहींना ताणलेला वाटतो, ऐकून घ्या.

ग्रीक ट्रॅगोडिया या शब्दाचा अर्थ बोकडाचं गाणं. का पडलं ते नाव यावर पंडितांत वाद आहे. पण अथेन्समध्येच थार्गेलिया नावाच्या सणाला दोन माणसांना, एक पुरुषांच्या वतीनं, एक बायकांच्या वतीनं, गावाचं सगळं अमंगळ डोक्यावर घालून हाकलायचे. बायबलमधल्या लेवीयच्या १६ व्या अध्यायात दोन बकरे आहेत, एक बळी जातो, दुसऱ्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडतात. आणि आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी, दोन मारबती, म्हणजे मिरवायचे मोठाले पुतळे. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावरून बघितलेली काळी मारबत आठवते, तिचे ते मोठाले डोळे, गर्दीचा घाम, आणि हजारो गळे एकदम, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! मागून बडगे, म्हणजे आणखी पुतळे, त्यांच्यावर त्या वर्षीचा कोणता तरी पुढारी, महागाई, पाणीटंचाई. शेवटी जाळून टाकतात आणि लोक हलके होऊन घरी जातात. ते हलकं होणं, ॲरिस्टॉटल ज्याला कॅथार्सिस म्हणतो ते याच्या फार लांब नसावं.

रने जिरार या फ्रेंच कॅथलिक विचारवंतानं १९७२ पासून हेच मांडलं. माणसांच्या समूहात चढाओढ वाढत वाढत सगळे सगळ्यांचे वैरी होतात, आणि मग सगळे मिळून एकावर तुटून पडतात, तो गेला की शांतता येते, आणि त्या शांततेतून सण, देव, संस्कृती उभी राहते. ईडिपसच्या थीब्ज शहरात साथ आली, कोणामुळे? ईडिपसमुळे, हाकला. जिरार म्हणतो ट्रॅजेडी या यंत्राचं झाकण अर्धं उघडते, पण शेवटी "त्यानं केलंच होतं" म्हणून परत लावते. शुभवर्तमान झाकण काढून फेकते. महायाजक कयफा म्हणतो आख्ख्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा लोकांसाठी एका माणसानं मरावं हे फायद्याचं, आणि गोष्ट सांगणारा गर्दीच्या बाजूला उभा न राहता त्या एकाच्या बाजूला उभा राहतो. तो निर्दोष होता, विनाकारण मारलात.

यावर कोणी म्हणतं, म्हणजे मारबत वाईट? बाप्पा, नाही. मारबत कागद-बांबूची आहे, तीच तिची शहाणपणाची गोष्ट, माणसाऐवजी पुतळा जाळायला शिकणं ही संस्कृतीची मोठी मजल आहे. भीती वेगळी आहे. गल्लीत पोरं पळवणारे आलेत असा मेसेज फिरतो आणि एखादा अनोळखी फेरीवाला सापडतो, तेव्हा गर्दीला कागद पुरत नाही. आणि वधस्तंभाची गोष्ट रोज वाचणारेसुद्धा त्या गर्दीत असतात, म्हणून मला जिरारचा एवढा भरवसा पूर्ण येत नाही की एकदा झाकण उघडलं की परत लागत नाही.

दीक्षाभूमीच्या शहरात बौद्ध विचाराबद्दल काहीच नाही?

एकच सांगते, कारण माझा अभ्यास तेवढाच. आमच्यात येणारे एक दादा म्हणतात की पहिलं आर्यसत्य दुःखाचं आहे पण ते ट्रॅजेडीचं नाही, कारण दुःखाला कारण आहे आणि कारण काढता येतं. किसा गोतमी मेलेलं लेकरू घेऊन फिरते, तिला सांगितलं जातं ज्या घरात कोणी मेलं नाही तिथून मोहरी आण. तिचं दुःख सगळ्यांच्या दुःखात मिसळतं. अँटिगोनीला मात्र तिचाच भाऊ पुरायचा असतो, सगळ्यांचे भाऊ मरतात हे तिला चालत नाही. दोन्हींमध्ये कोण बरोबर यावर दादा आणि मी अजून भांडतो, तर्री पोहे खाताना पण.

दुःखात असलेल्या माणसाला हे सगळं सांगायचं का?

नाही.

थोडं सविस्तर सांगते. माझा मावसभाऊ १९ वर्षांचा असताना वर्धा रोडवर गेला. घरी लोक बसलेले, एप्रिल महिना, कूलरमध्ये पाणी संपलेलं, नुसता गरम वारा फेकून राहिला होता. एक दूरचे नातेवाईक, मन चांगलं माणसाचं, म्हणाले, देवाला चांगलीच माणसं लवकर हवी असतात. आजी कोपऱ्यात होती, शाळेत कधी गेली नाही, दर रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर. ती म्हणाली, "मग सांगा त्याला, मलाबी हवा होता." एवढंच. कोणी काही बोललं नाही. त्याचा स्टीलचा डबा, एका बाजूला चेपलेला, ती पुढे रोज घासून पालथा ठेवायची, अकरा वर्षं, स्वतः जाईपर्यंत. आणि रोज संध्याकाळी प्रार्थनाही करायची, त्याच ओट्याजवळ उभी राहून.

डेव्हिड बेंटली हार्ट हा ऑर्थोडॉक्स विचारवंत २००३ मध्ये शोकात्म थिऑलॉजीवर चांगलाच तुटून पडला. तो म्हणतो ट्रॅजेडीचं शहाणपण शेवटी तुम्हाला मरणाशी जुळवून घ्यायला शिकवतं, त्यात भव्यता शोधायला लावतं, आणि पुनरुत्थान म्हणजे त्या जुळवून घेण्याविरुद्ध बंड, तेच मूल परत हवं, दुसरं काही नको. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक पालथं ठेवून दिलं, आजीच आठवली. मॅकिनन म्हणतो हिशोब मिटवू नका, हार्ट म्हणतो समाधान मानू नका, दोघं एकमेकांच्या विरुद्ध म्हणून शिकवले जातात, आणि आजी एका वाक्यात दोघांच्याही बाजूची होती. मयताच्या घरी मी आता पाण्याचा माठ भरून ठेवते आणि गप्प बसते.

ग्रुपमध्ये यायला ख्रिस्ती असावं लागतं का?

नाही. मराठी वाचता आलं पाहिजे आणि गच्चीवर डास सहन झाले पाहिजेत.

सुरुवात कुठून करू?

जाडजूड पुस्तकं नको. अँटिगोनी मराठीत मिळालं तर ते, दीड-दोन तासांत होतं, पण मोठ्यानं वाचा आणि क्रेऑनचे संवाद तुमच्यातल्या सगळ्यात समजूतदार माणसाला द्या, नाहीतर तो व्हिलन होऊन बसतो. मग मार्क, अध्याय १४ पासून, एका बैठकीत. १६ व्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबा. चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात जुन्या मोठ्या हस्तलिखितांत मार्क तिथेच संपतो, पुढचा भाग नंतरचा. बायका पहाटे कबरेशी येतात, तो उठला आहे असं त्यांना सांगितलं जातं, आणि त्या पळून जातात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. आम्ही पहिल्यांदा हे असं वाचलं तेव्हा वाचणाऱ्या मुलानं पान उलटून बघितलं, अजून आहे का म्हणून.